एक मात्रा कमी

सीबीडी बेलापूर,
८ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप यज्ञूमामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीत दोनदा आणि काल चार वेळा तुम्हाला फोन लावला. प्रत्येक वेळी एक बाई सांगते की हा नंबर बंद आहे. शेवटी आईच्या जुन्या वहीतून नागावचा पत्ता काढला. शाळेच्या परीक्षेनंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा मायन्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

कारण असं. दुर्गाताईंना जाऊन येत्या १ फेब्रुवारीला पाच वर्षं होतील. अलिबागच्या त्यांच्या कथकच्या वर्गातल्या मुलींनी त्या दिवशी सकाळी तुमच्या नागावच्या शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठरवला आहे. तासभर एकटीने कथक मी करावं असं त्यांचं म्हणणं आहे. मुली म्हणजे आता सगळ्या चाळिशीच्या आसपासच्या. बाकीच्यांचे गुडघे गेले आहेत, म्हणून माझं नाव पुढे आलं. माझे गुडघे आहेत. बाकी काय शिल्लक आहे ते बघायचं आहे. मी एकटी स्टेजवर उभी राहिले त्याला अकरा वर्षं झाली.

मी अजून त्याच विमा कंपनीत आहे. जहाजातून येणारा माल भिजला, फुटला किंवा हरवला की त्याचा दावा माझ्या टेबलावर येतो. सध्या टेबलावर चारशे टन भिजलेलं सिमेंट आहे. ऑफिस नऊ ते सात, म्हणून रियाझ पहाटे साडेपाचला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि त्यांनी विचारलं, "ताई, फरशी बदलताय का?" मी म्हटलं, नाही, कथक. ते म्हणाले, "किती दिवस चालेल काम?"

मागणं एकच. तबल्यावर तुम्ही बसा. वर्गात दर शनिवारी तुम्हीच वाजवायचात, आणि मला दुसऱ्या कुणाच्या ठेक्यावर नीट उभं राहता येईल असं वाटत नाही. सोबत पेन ड्राइव्ह आहे, तो टीव्हीच्या मागे लावता येतो. त्यात माझ्या तत्काराचा व्हिडिओ आहे. पायांचं काम कसं वाटतं ते न राखता सांगा.

तुमची,
क्षिप्रा


नागाव,
१९ सप्टेंबर २०२५

चि. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने ते उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग दिलं. हल्ली तो माझ्याकडे फक्त बँकेची पाकिटं आणतो.

माझा फोन विहिरीत पडला. काढलेला नाही. पाणी चांगलं आहे, उगाच ढवळायला नको. तू पत्रच लिहीत जा.

तबल्याचं जमणार नाही. मी बाहत्तर वर्षांचा आहे आणि बोटं पूर्वीसारखी पडत नाहीत. जोडी मी गेल्या वर्षी निकेशला देऊन टाकली. हा माझा शेवटचा विद्यार्थी, आक्षीला राहतो, शाळेत गणित शिकवतो. हात बरा आहे. लेहऱ्याला तो पेटीवाला आणत नाही, मोबाइलवर धून लावतो आणि स्पीकरला जोडतो. ती धून न थकता फिरत राहते आणि तिला जेवायला घालावं लागत नाही. त्याला घे.

व्हिडिओ पाहिला. तीन वेळा. उजवी टाच उचलल्यावर ती परत यायला उशीर लावते. डावा खांदा कानाकडे निघाला आहे, त्याला खाली बोलाव. चक्करमध्ये नजर सोडतेस. चौथ्या मिनिटाला तू दाराकडे पाहिलंस. कोण आलं होतं?

पाय वाईट नाहीत. झोपलेले आहेत.

यज्ञूमामा


सीबीडी बेलापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप यज्ञूमामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दाराशी खालचे गृहस्थ आले होते. आता ते येत नाहीत, कारण सोसायटीने सूचना लावली आहे. ‘इमारतीत सकाळी सातपूर्वी सुतारकाम, गवंडीकाम व नृत्य करण्यास मनाई आहे.’ माझ्या नवऱ्याने तिचा फोटो काढून ठेवला.

म्हणून मी ऑफिस गाठलं. तळमजल्यावर जुन्या फायलींची खोली आहे. सकाळी सात ते साडेआठ तिथे कुणी येत नाही. दारावरचा कुलदीप रोज रजिस्टर पुढे करतो. पहिल्या दिवशी ‘येण्याचं कारण’ या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचेना. त्याने थोडा वेळ खोलीबाहेर उभं राहून ऐकलं आणि स्वतःच लिहिलं, ‘पाय आपटणे’. तेव्हापासून रोज तेच लिहिलं जातं.

दुसऱ्या आठवड्यात नेत्रा एक फाइल शोधायला खाली आली. नेत्रा माझी साहेब, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी घुंगरू बांधून उभी होते. ती रागावली नाही. म्हणाली, "हे तू लपवून का ठेवलंस? आपण याचा उपयोग करू." उपयोग असा केला की दिवाळीच्या कार्यक्रमासाठी बावीस जणांना चाळीस मिनिटांत कथक शिकवायचं. मी त्यांना सम समजावून सांगितली. ताल जिथून सुरू होतो ती मात्रा, फिरून तिथेच पोचायचं असतं. एकाने विचारलं, सम चुकली तर मुदत वाढवून मिळते का.

टाच आणि खांदा यांवर काम चालू आहे. निकेशला भेटले, तो बरा आहे, फार बोलत नाही. फायलींच्या खोलीत उजेड नसल्यामुळे या वेळी व्हिडिओ नाही, फक्त आवाज आहे. बोल मी तोंडाने म्हणते आहे आणि मागे पाय. शेवटच्या तिहाया खास तपासा. तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर यायचं आणि मी तिसऱ्यांदा धापा टाकत पोचते असं मला वाटतं.

दिवाळीत तुमच्याकडे येऊ का?

क्षिप्रा


नागाव,
भाऊबीज, २३ ऑक्टोबर २०२५

चि. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत येऊ नकोस. वाडीत नारळ उतरवायचे आहेत आणि पाडेली येतो म्हणाला की येतोच असं नाही, त्यामुळे सगळा दिवस वर बघण्यात जातो.

पाठवलेलं ऐकलं. लय बरी आहे. सुरुवात संथ आणि ठाम. मधल्या भागात घाई होते, तिथे धीर धर. तिहाया स्वच्छ. शेवटी दमल्यासारखी वाटतेस, पण वयाच्या मानाने ठीक. एकंदर प्रगती आहे.

आवाज खणखणीत ठेव.

यज्ञूमामा


सीबीडी बेलापूर,
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप यज्ञूमामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं.

गेल्या आठवड्यात नेत्राने आढावा बैठकीचं रेकॉर्डिंग मागितलं. माझ्याकडे दोन पेन ड्राइव्ह होते, दोन्ही काळे. ऑफिसात मी जो लावला त्यातून माझी बोलांची पढंत निघाली. ‘ता थेई थेई तत्’ सात माणसांनी अर्धं मिनिट ऐकलं. एकाने टिपून घ्यायला पेन उघडलं होतं, ते त्याने मिटलं.

म्हणजे तुमच्याकडे आलं ते बैठकीचं रेकॉर्डिंग. त्यात बावीस मिनिटं नेत्रा, मी आणि चेन्नईच्या मुख्य कार्यालयातले दोघे भिजलेल्या सिमेंटबद्दल इंग्रजीतून बोलतो आहोत. एकही पाऊल नाही. तुम्ही लिहिलं आहे, तिहाया स्वच्छ.

मधल्या भागात घाई होते हे मात्र बरोबर आहे. चेन्नईवाल्यांना विमान पकडायचं होतं.

आधी मला राग आला. वाटलं, न ऐकताच लिहिलंत. मग पहिलं पत्र काढलं. त्यात टाच आहे, खांदा आहे, नजर आहे, दार आहे. त्यात जे आहे ते सगळं दिसणारं आहे. फोन विहिरीत आहे. तबला दिलेला आहे. मी येते म्हटलं की पाडेली आडवा येतो.

मामा, तुम्हाला ऐकू येत नाही का?

एवढंच विचारायचं होतं. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, पण तो पेन ड्राइव्ह रजिस्टर पोस्टाने परत पाठवा. तो गोपनीय आहे. तुम्ही तो ऐकलेला नसल्यामुळे नियमाचा भंग झालेला नाही असं माझं मत आहे. कंपनीला विचारलेलं नाही.

क्षिप्रा


नागाव,
२० नोव्हेंबर २०२५

चि. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

पेन ड्राइव्ह सोबत आहे. उत्तराला सतरा दिवस लागले.

येत नाही. डावा कान चार वर्षांपूर्वी गेला. उजवा गेल्या वर्षी गणपतीत, दीड दिवसांत. आरतीला होता, विसर्जनाला नव्हता. अलिबागच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं. त्यातून माणूस बोललेला आणि नारळ पडलेला सारखाच ऐकू येतो. ते कपाटात ठेवलं आहे. फोनही तिथेच आहे, त्याच्या शेजारी. विहिरीचं खोटं.

फक्त दोघांना माहीत आहे. एक निकेश, त्याला मी शपथ घातली होती. दुसरी मनुबाई. ती बावीस वर्षं वाडीत कामाला आहे, तिच्यापासून काही लपत नाही. आता ती हाक मारत नाही, लांबून सुपारी फेकते. नेम चांगला आहे. निकेश आला की त्याला सांगते आणि तो माझ्यासाठी वहीत उतरवतो. मागच्या खेपेचं असं होतं, "मामांना काय सांगायचा हाय ता लिवून द्या. वरडून उपेग न्हाय, मीच बहिरी व्हायची."

बोटांचंही खोटं. बोटं ठीक आहेत. एका सकाळी मी वाजवत बसलो होतो, तर मनुबाई आली आणि तिने डग्ग्यावर हात ठेवला. त्याचा सूर उतरला होता. दोन दिवस मी तसाच वाजवत होतो. तिला तबल्यातलं काही कळत नाही. तिला कळलं आणि मला नाही. त्याच आठवड्यात जोडी निकेशकडे पोचवली.

तुझी पढंत आली असं समजून मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. पडदा काळा, खाली आकडे पुढे सरकत होते. बावीस मिनिटं मी ते आकडे पाहिले. मग लिहिलं ते लिहिलं. ऐकू येत नाही असं कळवलं असतं तर पुढचं पाकीट आलं नसतं.

पहिला व्हिडिओ मात्र खरा पाहिला. टाचेबद्दल लिहिलं ते मागे घेत नाही.

यज्ञूमामा


सीबीडी बेलापूर,
२९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप यज्ञूमामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटं येत राहतील. हे तिसरं. आत व्हिडिओ आहे, मी स्वतः दोनदा लावून पाहिला. ओळखू यावा म्हणून वर लाल नेलपॉलिश लावलं आहे.

तुमचं पत्र मी फायलींच्या खोलीत वाचलं आणि त्या दिवशी रियाझ केला नाही. कुलदीपने रजिस्टरमध्ये ‘बसणे’ असं लिहिलं.

एक सुचवायचं आहे. तबला निकेश वाजवेल. पढंत तुम्ही करा. बोल तुम्हाला पाठ आहेत, माझ्यापेक्षा जास्त. हाताने टाळी द्या, डोळ्यांनी माझे पाय बघा, तोंडाने म्हणा. यात कान कुठेच लागत नाहीत. दुर्गाताई गेल्यापासून ते बोल त्यांच्यासारखे म्हणणारं कुणी उरलेलं नाही. निकेश म्हणतो ते पाढ्यांसारखे येतात.

नाही म्हणायच्या आधी आठ दिवस थांबा.

ऑफिसात विशेष काही नाही.

क्षिप्रा


नागाव,
१५ डिसेंबर २०२५

चि. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

आठ नाही, सोळा दिवस थांबलो. नाही.

मला माझा आवाज ऐकू येत नाही. तो केवढा आहे, कुठल्या पट्टीत आहे, मला कळत नाही. देवळात आरतीला लोक माझ्यापासून चार हात लांब उभे राहू लागले आहेत. हे मी दुर्गाताईंच्या नावाने करणार नाही.

दुसरं. ऑफिसात विशेष काही नाही असं तू लिहितेस. निकेशने परवा वहीत लिहून दाखवलं की तुला चेन्नईला बोलावलं आहे. दोन वर्षं, सगळा सागरी विभाग तुझ्या हाताखाली. आणि तू नकार दिलास. का दिलास ते त्याला सांगितलं नाहीस. तारीख पाहिली तर माझं कानांचं पत्र पोचल्यानंतरची दिसते.

आता मी एक लिहितो, ते नीट वाच. १९८४ साली मी मोजणी खात्यात नोकरीला होतो. जमिनीला साखळी लावायची आणि लोकांची भांडणं ऐकायची. पुण्याच्या एका नर्तकीने अलिबागला माझा हात ऐकला आणि सहा महिन्यांच्या दौऱ्याला बोलावलं. दिल्ली, कलकत्ता, नंतर परदेश. मी त्यांना कळवलं की आई आजारी आहे. आई ठणठणीत होती, पुढे वीस वर्षं जगली. मला नोकरी सोडायची भीती वाटली, एवढंच खरं होतं. तसं सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, दोन महिन्यांचाच ये, रजा काढ. पण आजारी आईपुढे कोण काय बोलणार? त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही.

नोकरीचा पस्तावा नाही. एकतीस वर्षं जमीन मोजली, शनिवारी तबला वाजवला, पेन्शन येते. पण आई उगाच आजारी पडली याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हा तू चेन्नईला नाही म्हणालीस तर म्हण. माझे कान त्यात घालू नकोस.

यज्ञूमामा


सीबीडी बेलापूर,
२८ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप यज्ञूमामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे कान त्यात नाहीत. कसं झालं ते सांगते.

२१ नोव्हेंबरला नेत्राने बोलावून चेन्नईचं सांगितलं. म्हणाली, "तुला तर आवडेलच, तिकडे डान्सचं वातावरण आहे." मी म्हटलं, तो वेगळा डान्स. ती म्हणाली, "दोन वर्षांत तोही येईल." ती हे मनापासून म्हणाली, म्हणून मी वेळ मागून घेतला.

तीन दिवस विचार केला. तिथे सकाळी आठ ते रात्री आठ काम, महिन्यातले दहा दिवस बंदरांवर. म्हणजे रियाझ बंद. दोन वर्षांनी परत आले की मी चाळीस पूर्ण. स्वतःला समजावत होते की दोन वर्षांचंच तर आहे. मग आठवलं की मागच्या वेळी मी एका वर्षासाठी थांबले होते. ते अकरा वर्षं चाललं.

नकाराचा अर्ज कंप्युटरवर भरायचा असतो. कारण निवडावं लागतं. लग्न, बाळंतपण, मुलांची शाळा, आई-वडिलांचं आजारपण, इतर. शेजारी राही बसते, ती म्हणाली, "तुझे म्हातारे मामा आहेत ना, त्यांना टाक. कुणी विचारत नाही." तुमचं आजारी आईचं पत्र यायच्या आधीची गोष्ट आहे ही. मी ‘इतर’ निवडलं. पुढे पन्नास अक्षरांची जागा होती. मी लिहिलं, रियाझ. दुसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागातून फोन आला, हा आजार कुठल्या प्रकारात मोडतो.

जागा पुण्याच्या गणराजला मिळाली. तो माझ्या हाताखाली शिकला आहे. एप्रिलपासून मी त्याच्या हाताखाली. हे मला लागलं, मामा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून अभिनंदन केलं आणि जिन्यात जाऊन बसले. तुम्हाला विशेष काही नाही असं लिहिलं ते यामुळे. नकार चुकला असं वाटत नाही, पण तो फुकट मिळाला नाही.

१० जानेवारीला शनिवार आहे. पेणमार्गे गाडीने येते. पढंतीला नाही म्हणायचं असेल तर समोर म्हणा. मी वही आणते.

क्षिप्रा


नागाव,
१४ जानेवारी २०२६

चि. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर ओटीवरची एक फळी हलते आहे. सुताराला निरोप धाडला आहे.

तू म्हणालीस, म्हणजे लिहिलंस, की मी फळीवर तळहात ठेवून बसावं, म्हणजे पाय हाताला कळतील. मी ठेवला नाही. तसं सिनेमात करतात. मला पाय दिसतात, तेवढं पुरतं. पहिला अर्धा तास मी तोंड उघडलं नाही हे खरं. मग तू तो दुर्गाताईंचा जुना तुकडा चुकीच्या जागी तोडलास आणि मला राहवलं नाही. नंतर तीन तास झाले हे मला मनुबाईने जेवणाचं ताट समोर आणून आपटलं तेव्हा समजलं. म्हणजे आपटलेलं दिसलं.

निकेशच्या वहीत तिचं मत आहे. "मामा वरडतात, पन बरा वाटता. घर रिकामा न्हाय वाटत."

पढंत करतो. मला माईक नको, आहे तो आवाज पुरे. खाली बसणार नाही, खुर्ची द्या, आणि ती तुझ्या पायांच्या समोर, लोकांच्या नाही. निवेदन करणाऱ्या बाईंना सांगून ठेव की माझ्या कानांबद्दल एक अक्षर काढायचं नाही. कौतुकानेही नाही. नाव, गाव, बस.

सूर जाईल. तो लोकांनी सहन करावा.

गणराजचं नाव तू त्या दिवशी तीनदा लिहिलंस. माझ्याही वर एक हाताखालचा माणूस आला होता. वर्षभर मी त्याला जमिनीचे नकाशे चुकीच्या क्रमाने दिले. त्याने काही फायदा झाला नाही. तू करू नकोस.

यज्ञूमामा


सीबीडी बेलापूर,
४ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप यज्ञूमामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी जेवण होताच तुम्ही उठून घरी गेलात. तिथे काय झालं ते तुम्हाला कुणी नीट लिहून दिलं की नाही, माहीत नाही, म्हणून मी लिहिते.

पस्तिसाव्या मिनिटाला वीज गेली. आपण द्रुत तीनतालात होतो. सकाळची वेळ, खिडक्या उघड्या, त्यामुळे उजेडात फरक पडला नाही. पंखे थांबले, स्पीकर बंद पडला आणि लेहरा गेला. त्या धुनेवरच सगळ्यांचा हिशेब चालतो. निकेशने दोन आवर्तनं सांभाळायचा प्रयत्न केला, मग त्याची जागा सुटली आणि त्याने तबल्यावरून हात उचलले. सभागृहात दीडशे माणसं होती. मी थांबणारच होते. पाय उचलला होता तो खाली ठेवून नमस्कार करायचा, एवढंच डोक्यात होतं.

तुम्ही थांबला नाहीत. काही थांबलं आहे हे तुम्हाला कळलंच नव्हतं. तुमचा हात टाळीला खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. तुम्ही माझ्या पायांकडे बघत होतात आणि पाय उचललेला राहिला म्हणून तुमच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत आहे. मी पाय टाकला.

चार मिनिटं तसंच चाललं. तुमचा आवाज आणि माझे पाय, बाकी काही नाही. तुमचा आवाज मोठा होता. सूर गेला होता हे खरं आहे, तुम्ही आधीच बजावलं होतंत. लय कुठेही हलली नाही. मागच्या रांगेतल्या बायका मांडीवर ताल धरू लागल्या ते मला दिसत होतं. शेवटची तिहाई बरोबर समेवर आली, लेहरा नसताना. मग निकेश परत शिरला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

नेत्रा आणि राही चौथ्या रांगेत होत्या. मी बोलावलं नव्हतं, त्या नागावला सुट्टीसाठी आल्या होत्या असं म्हणाल्या. नेत्राने विचारलं, "ते मामा म्हणजे तुमची पर्यायी व्यवस्था होती का?" मी हो म्हटलं. सोमवारी तिने मला फायलींच्या खोलीची चावी दिली, रीतसर सही घेऊन. बढती नाही, चावी. मी घेतली.

गणराज मंगळवारी कामासाठी पुण्याहून आला होता. मी त्याला सिमेंटची फाइल दिली. सरळ क्रमाने.

तुम्ही कसे आहात? घसा बसला असेल.

क्षिप्रा


नागाव,
१२ फेब्रुवारी २०२६

चि. क्षिप्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

घसा बसला आहे असं मनुबाईचं म्हणणं आहे. मला काही फरक जाणवत नाही.

वीज गेल्याचं मला पंगतीत कळलं. निकेशने हात उचलले तेव्हा तो रुसला असं मला वाटलं होतं. लग्नाच्या वयाची मुलं हल्ली रुसतात. म्हणून त्याच्याकडे पाहिलं नाही. तू ज्या चार मिनिटांबद्दल लिहितेस ती मला इतर मिनिटांसारखीच गेली. घरी आल्यावर विचार केला. त्या वेळी लेहरा कुणालाच ऐकू येत नव्हता. म्हणजे दीडशे माणसं चार मिनिटं माझ्याशेजारी येऊन बसली होती आणि मला पत्ता नव्हता. दोन दिवसांनी बरं वाटलं.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य. शेवटची तिहाई बरोबर समेवर आली, असं तू लिहिलं आहेस.

आली नाही. त्या आवर्तनात मी एक मात्रा खाल्ली. नवव्या मात्रेनंतर माझा हात थेट अकरावीवर गेला. टाळी पडल्यावर लक्षात आलं, पण पडलेली टाळी परत घेता येत नाही. तिहाईत दोन जागी दम होता, दोन-दोन मात्रा थांबायचं. पहिल्या जागी तू दोन थांबलीस. दुसऱ्या जागी एक. तुझी डावी टाच हवेतून लवकर खाली आली. म्हणजे तू माझा हात पाहिलास, तेवढ्यात हिशेब केलास, आणि माझ्या चुकीच्या समेवर येऊन उभी राहिलीस. बघणाऱ्याला वाटावं, मीच बरोबर होतो.

लोकांना कळलं नाही. निकेशलाही नाही, त्याला कालच विचारलं, त्याने वहीत ‘अप्रतिम’ लिहिलं. स्टेजवर साथीदाराला सांभाळायचं असतं, तू सांभाळलंस. अकरा वर्षं न नाचलेल्या बाईला हे येईल असं मला वाटलं नव्हतं. दुर्गाताईंना वाटलं असतं, त्यांचं तुझ्याबद्दलचं मत माझ्यापेक्षा बरं होतं.

पण पत्रात सांभाळायचं कारण नव्हतं. सूर गेला हे लिहिलंस, त्याचा मला राग नाही, कारण सूर माझ्या ताब्यात नाही. लय आहे. ती चुकल्याचं मला सांगणारी आता तू एकटीच उरली आहेस. तू ‘बरोबर आली’ लिहायला लागलीस तर मी दोन दिवस उतरलेला डग्गा वाजवत बसेन.

शनिवारी ये. सकाळी दहाला. सुताराने फळी पक्की केली आहे. तीच तिहाई नवव्या मात्रेपासून घेऊ. मी चुकलो तर दम खाऊन झाकू नकोस, तिथल्या तिथे थांब आणि हात वर कर.

मला दिसेल.

यज्ञूमामा